भाकरी कशाबरोबर खाता?

“तंबाखू खाता का?” मी विचारलं.

आक्का चुलीपुढं बसून दातांना मिशरी लावत होती. तिनं मान वळवून राखेत काळी पिंक टाकली, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, “मी कुठं गं तंबाखू खाती? ती बाप्ये माणसं खात्यात.”

“विचारायला लागतं. सरकारचा कागद आहे.”

“मग लिव्ह की न्हाई म्हणून.”

मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. पुढचा प्रश्न दारूचा होता. तो मी वाचला तसं तिनं हातातली मिशरीची डबी माझ्यावर उगारली. मग कंबर मोजायला फीत घेऊन उठले, तर म्हणाली, “अगं बया, झंपर शिवतीस का काय मला?” आणि आम्ही दोघी खो खो हसत सुटलो.

त्या दिवशी भोगी होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी तव्यावर होत्या आणि मला घाई होती. मी कवठवाडीची आशा सेविका. गावातल्या तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा तपासणीचा कागद भरायचा होता आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा जमा करायचा होता. सगळं गाव झालं होतं, राहिलं होतं ते माझं घर. म्हटलं, घरचंच तर आहे, होतंय बसल्या बसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, फुलाबाई. वय चोपन्न. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासू जाऊन वर्ष झालं होतं. माप ओलांडताना समोर आरती घेऊन आक्काच उभी होती. पुढं मला आशाचं काम मिळालं तेव्हा घरात धुसफूस झाली. बाईमाणूस दारोदार हिंडणार, मग चुलीचं कोण बघणार? तेव्हा आक्का म्हणाली होती, “जाऊ दे तिला. शिकलीय ती. भाकऱ्या मी थापीन.” नऊ वर्षं ती थापत होती आणि मी बॅग घेऊन गावभर रुबाबात फिरत होते. माझ्या नोकरीचा पाया म्हणजे तिचे दोन हात. हे मला तेव्हाही कळत होतं, नाही असं नाही.

“झालं का?” तिनं विचारलं.

“झालं. चार गुण. पाच झाले असते तर दवाखान्यात मुल्ला मॅडमकडं तपासायला पाठवावं लागलं असतं.”

“म्हंजी पास का नापास?”

“पास!”

ती खूश झाली. तव्यावरची भाकरी काढून तिनं चुलीच्या तोंडाला उभी केली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “इंदे, सकाळी भाकरीचा घास हितं अडकला बघ.” छातीच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं. “दिवाळीपासनं मधनंच असं हुतंय. पाणी प्यालं की उतरतोय.”

मी कागदावरनं एकदा नजर फिरवली. तोंडात पांढरा चट्टा आहे का, स्तनात गाठ आहे का, दम लागतो का, सगळं होतं. घास अडकतो का, हे कुठं नव्हतं.

“कोरडी कशाला खाता आक्का?” मी म्हटलं. “आमटी-कोरड्यासात कुस्करून खात जा.”

मी गावाला ज्या आवाजात सल्ले द्यायचे त्याच आवाजात सांगितलं. आणि तिनं ते ऐकलं. माझं ती सगळं ऐकायची.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा जमा केला. तालुक्यात पहिला नंबर माझा. एक रकाना मोकळा नाही, एक खाडाखोड नाही. मॅडम म्हणाल्या, “इंदुमतीताई, तुमचं काम म्हणजे आरसा आहे.” मी घरी येऊन ते चारदा सांगितलं.

आमच्या घरात जेवायची रीत अशी. आधी पुरुषमाणसं, मग पोरं. मग मी, कारण मला कामाला जायचं. सगळ्यांचं उरकलं, की आक्का एकटी आतल्या खोलीत चुलीकडं पाठ करून बसायची. घरोघरी तेच होतं, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पण त्याचा अर्थ असा, की वीस वर्षं एका घरात राहून मी आक्काला नीट जेवताना बघितलेलंच नव्हतं. तिच्या ताटात काय असतं, किती असतं, कशी खाते, मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

माघात ती बारीक दिसायला लागली. मी शेजारणींसमोर काय म्हणाले असेन? “बघा आमच्या आक्का कशा सुटसुटीत झाल्यात, नाहीतर मी!” शिमग्यात एकदा म्हणाली, छातीत जळजळतं. मी बॅगेतल्या पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुन्हा म्हणाली, पुन्हा दिल्या. माझी जीभ झडली का नाही, असं आता वाटतं.

वैशाखात भावकीत लग्न होतं. मांडवात बायकांची पंगत बसली आणि वाढायला दुसरी माणसं असल्यामुळं आम्ही दोघी जावा पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसलो. भात, आमटी, वांग्याची भाजी, बुंदी. मी आपली गप्पा मारत चार घास खाल्ले आणि सहज शेजारी बघितलं.

आक्कानं भाताचा सुपारीएवढा गोळा केला होता. तो तिनं तोंडात टाकला, चावला, पुन्हा चावला. मान पुढं काढून गिळला आणि डोळे घट्ट मिटले. गळ्याच्या शिरा तटतटल्या. पाण्याचा घोट घेतला तर पाणीसुद्धा उलटून आलं. मग तिनं काय केलं, तर पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं आणि सगळं पदरात घेतलं. इतक्या सफाईनं, की समोरच्या बाईला वाटावं घाम पुसतेय. ती सफाई एका दिवसात आलेली नव्हती.

“आक्का?”

“खा तू. लोकं बघत्यात.” तिनं स्वतःच्या पानातली बुंदी माझ्या पानात सारली.

मी तिचा पदर ओढून बघितला. ओला गच्च होता.

“भाकरी खाऊन किती दिवस झाले?”

“पाडव्यापासनं न्हाई.”

“मग खाता काय?”

“च्या. हुलग्याचं माडगं. भाताची पेज कधीतरी.”

“आणि मला सांगितलं नाही?” माझा आवाज चढला. मला भीती वाटली, की मी आधी चिडते.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. “सांगितलं की गं,” ती म्हणाली. “भोगीला.”

मुल्ला मॅडमनी त्याच दिवशी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मी, आक्का आणि तिचे मालक, दत्तूभावजी. तोंडातनं दुर्बीण घालून बघितलं. आतला बारीक तुकडा तपासायला काढला, पोटाचे फोटो काढले. चार दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. समोर कागद ओढून त्यानं विचारायला सुरुवात केली.

“तंबाखू?”

“नाही,” मी आणि भावजी एकदमच म्हणालो.

तो थांबला. आक्काकडं वळून म्हणाला, “मावशी, तोंड उघडा बरं.” बॅटरी मारून दात बघितले. “मिशरी किती वर्षं लावता?”

“मिशरी व्हय? लगीन झाल्यापासनं. दाढ दुखायची म्हणून सासूबाईनं लावायला दिली.”

“दिवसातनं किती वेळा?”

“तीनदा. कवा चारदा. लावल्याबिगार काम सुचत न्हाई.”

“आणि थुंकून टाकता सगळी?”

“सगळी कुठं थुकायला हुतीय? काय काय जातीच पोटात.”

डॉक्टरनं लिहून घेतलं. मग मान वर करून मला म्हणाला, “तुम्ही आशा आहात ना?”

एवढंच म्हणाला. मला खुर्चीत बसवेना.

मिशरी म्हणजे तंबाखूच, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर पंधरा दिवसांनी आक्का तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की कुटायची. ठसक्यानं सगळी आळी खोकायची. तिच्या हातची मिशरी शेजारच्या सात-आठ बायका न्यायच्या. आणि त्यासाठी बाजारातनं तंबाखूचा पुडा कोण आणायचं? मी. पुड्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र असायचं, म्हणून पिशवीत कोथिंबिरीखाली घालून आणायचे. सगळं माहीत होतं. पण तंबाखू म्हणजे पुरुषांची, चुना लावून दाढेखाली धरायची. मिशरी म्हणजे दात घासायची. आमच्याकडं लहानपणापासनं हेच डोक्यात बसलेलं. आक्का खोटं बोलली नव्हती आणि मीही खोटं लिहिलं नव्हतं. तरी कागद खोटा होता.

आक्काला बाहेर बसवून डॉक्टरनं आम्हाला सांगितलं. अन्ननलिकेत गाठ आहे, कॅन्सरची. खाली यकृतापर्यंत पोचलंय.

“ऑपरेशन करा की साहेब,” भावजी म्हणाले. “आमची तयारी हाय.”

“आता त्याचा उपयोग नाही, काका. नळी टाकू. पातळ तरी पोटात जाईल.”

“भोगीला आणलं असतं तर?” मी विचारलं.

भावजींना कळलं नाही मी भोगीचं का काढते. डॉक्टर कागदाकडं बघत म्हणाला, “जानेवारीत? तेव्हा ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता. खात्रीनं नाही सांगत.”

खात्रीनं नाही. अकरा वर्षं मी त्या दोन शब्दांना धरून आहे आणि त्यांनी मला काही तारलेलं नाही.

नळी टाकली, आम्ही घरी आलो. आठवड्यानं माझ्या नावाचं पत्र आलं. जिल्हा परिषदेच्या सभागृहात उत्कृष्ट आशांचा सत्कार होता. तपासणीचे कागद शंभर टक्के आणि सगळ्यांत आधी भरल्याबद्दल माझं नाव पहिलं. ते पत्र मी डब्यात पिठाखाली सारलं. पण आमच्या घरात पिठाचा डबा कोण उघडतं, याचा मला विसर पडला.

“जाणार न्हाईस व्हय?” आक्कानं विचारलं. ती अंगणात बाजेवर बसली होती, पत्र हातात. वाचता येत नव्हतं, भावजींकडनं वाचून घेतलं असणार.

“कशाला जाऊ?”

“मी नऊ वरीस भाकऱ्या थापल्या त्या कशाला? जा. माझी हिरवी इरकल नेस.”

तेव्हा माझा बांध फुटला. मी तिच्या पायाशी मातीत बसले आणि सगळं सांगितलं. त्या कागदावर तंबाखूला नाही लिहिलं म्हणून गुण चारच झाले. मिशरी लिहिली असती तर पाचाच्या वर गेले असते, मॅडमकडं पाठवली असती, मॅडमनी समोर बसवून सगळं विचारलं असतं. “मी मारलं तुम्हाला आक्का,” मी म्हणाले. “माझ्या हातानं.”

“गप ए. मोठी आली मारणारी.” तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. हात नुसता हाडांचा लागला. “मीच न्हाई म्हणाली न्हवं?”

“मी नीट विचारायला पाहिजे होतं.”

“काय इचारणार हुतीस? गिळताना तरास हुतोय का, असं?” ती थोडं थांबली. बोललं की तिला दम लागायचा. “न्हाईच म्हणाली असती मी. कुठली बाई कागदाला व्हय म्हणती? तरास हाय म्हटलं, की घरातली म्हणणार, हिला दवाखान्यात न्या, हिचं काम कोण करणार. तुला भोगीला सांगितलं ते घरातली म्हणून. कागदाला सांगितलं नसतं.”

“मग काय विचारायचं?”

आक्कानं विचार केला. खरंच केला, जशी भाजीत मीठ किती याचा करायची तसा.

“असं इचार,” ती म्हणाली, “भाकरी कशाबरोबर खाता? त्यात लपवायसारखं काय न्हाई. बाई सरळ सांगती. च्यात बुडवून, ताकात कालवून, आमटीत कुस्करून. मग म्हण, आधी कोरडी खात हुता का? कधीपासनं बंद झाली? तुजं तुला कळंल. आन मिशरीला तंबाखू म्हणू नगंस. मिशरीच म्हण.”

मी सत्काराला गेले. हिरवी इरकल नेसून गेले.

सभागृहात दोनशे तरी आशा असतील. स्टेजवर आरोग्य खात्याचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी आमच्या मुल्ला मॅडम. साहेबांनी नाव पुकारलं, “इंदुमती खराडे, कवठवाडी. शंभर टक्के काम आणि एकही चूक नाही. बिनचूक!” टाळ्या झाल्या. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. साहेब म्हणाले, “दोन शब्द बोला ताई.” त्यांना वाटलं असणार, मी आभार मानीन आणि खाली बसेन.

माझा स्वभाव असा आहे, की एकदा तोंड उघडलं की मग मागं येत नाही.

“साहेब,” मी म्हटलं, “माझे कागद बिनचूक नाहीत. त्यातला एक माझ्या जावेचा आहे. तंबाखू नाही असं मी लिहिलंय. ती तीस-पस्तीस वर्षं मिशरी लावते. भाकरी गिळवत नव्हती तिला, तिनं मला सांगितलं, पण त्याला कागदात जागा नव्हती. आता तिच्या अन्ननलिकेत कॅन्सर आहे आणि डॉक्टर म्हणतात उशीर झाला. या कागदावर दोन प्रश्न वाढवा. मिशरी लावता का? भाकरी कशाबरोबर खाता? बास.”

साहेबांनी माईक जवळ ओढला. माणूस वाईट नव्हता, पण कार्यक्रम सत्काराचा होता. “ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण हा कागद वरून येतो. त्यात मला काही बदलता येत नाही. तुम्ही लेखी निवेदन द्या.”

“वरून येतो म्हणूनच सांगते साहेब,” मी म्हणाले. “वर कुणी भाकरी थापत नाही.”

कुणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते मुल्ला मॅडमकडं वळून म्हणाले, “हे एखाद्या ठिकाणी झालं असेल. सगळीकडं काही…”

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. समोर बसलेल्या बायकांकडं तोंड केलं. “बायांनो, खरं सांगा. मिशरी लावणारीच्या कागदावर तंबाखू नाही असं कितीजणींनी लिहिलंय? हात वर करा.”

कुणी हललं नाही. मला वाटलं, झालं, आता शाल काढून ठेवावी आणि घरी जावं. मग तिसऱ्या रांगेत एक वयस्कर आशा होती, तिनं एका हातानं पदर तोंडावर धरला आणि दुसरा हात वर केला. तिचेही दात काळे होते. तिच्या शेजारच्या दोघींनी केला. मग मागच्या रांगांमधनं हात वर यायला लागले. मान खाली घालून, एकमेकींकडं न बघता बायका हात वर करत होत्या. साहेब उभे राहिले. आधी त्यांनी मोजायचा प्रयत्न केला असावा, मग सोडून दिला आणि खाली बसले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. आठ दिवसांनी मुल्ला मॅडमनी फक्त आमच्या तालुक्यापुरतं पत्र काढून घेतलं. प्रत्येक कागदाच्या खाली हातानं हे दोन प्रश्न लिहायचे आणि बायकांचे कागद पुन्हा भरायचे. बऱ्याच आशांनी मला शिव्या घातल्या, दुप्पट काम लावलं म्हणून. पण केलं. पलीकडच्या आळीतली कोंडाबाई म्हणाली, “च्यात बुडवून खाती बघ, महिना झाला.” मी पेन खाली ठेवलं आणि तिला तशीच उठवून मॅडमकडं नेली. तिचं ऑपरेशन झालं. ती आजही आहे, भांडखोर आहे, आणि कोरडी भाकरी खाते. छापील कागदावर प्रश्न यायला पुढं चार वर्षं गेली. ‘गिळण्यास त्रास होतो का? होय किंवा नाही,’ असा आला. मी तो वाचत नाही. मी आक्काचाच विचारते.

आक्का त्याच साली श्रावणात गेली. आता आमच्या घरात सगळी एकदम जेवायला बसतात, पुरुष-बायका एका पंगतीत. हे मी भांडून केलं. माझी सून कधी कधी वैतागते, “आत्या, माझ्या घासाकडं काय बघत बसताय?” मी म्हणते, काही नाही, जेव तू.

पण खरं तर मला सांगायचं होतं ते त्या दुसऱ्या कागदाचं. मॅडमचं पत्र आलं त्या सकाळी नव्या गठ्ठ्यातला पहिला कागद मी आक्कासाठी काढला. नियमच होता, प्रत्येक बाईचा पुन्हा भरायचा. आणि गेल्या वेळी घर शेवटाला ठेवलं होतं, म्हणून या वेळी मी पहिलं धरलं.

ती चुलीपुढं होती. आम्ही कितीही ओरडलो तरी ती सकाळी चार भाकऱ्या थापायचीच. भाकरीच्या कडा फाटायच्या, तरी मला परात घेऊ द्यायची नाही. मी पाटावर बसले. आवाज साफ केला. नाव, वय, सगळं माहीत असलेलं विचारलं. ती उत्तरं देत गेली, जशी परक्या बाईला देतात तशी. तिला कळलं होतं, हे मला करायलाच पाहिजे.

“मिशरी लावता का?”

“लावत हुती. आता न्हाई.”

मी लिहिलं.

“भाकरी कशाबरोबर खाता?”

तिनं तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं. मग भाकरी उलटली.

“लिव्ह,” ती म्हणाली. “थापती. खात न्हाई.”

त्याला कागदात चौकोन नव्हता. मी समासात लिहिलं, तिनं सांगितलं तसंच, अक्षर न् अक्षर. मला पुढचं दिसेना झालं.

“किती गुण झालं?”

“सहा.”

“म्हंजी आता मॅडमकडं पाठवणार मला.”

“हो आक्का.”

“पाठीव,” ती म्हणाली आणि परात पुढं ओढली. “ऊठ आता. तुजी कामावर जायची येळ झाली. भाकरी गरम हाय तवर खाऊन घे.”

मी ताट घेतलं. तिच्यासमोर बसून ती भाकरी मी कोरडी खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत, आणि ती माझ्याकडं बघत राहिली.